कागदावर आहे तसंच

[फक्त आल्टो. ओठ मिटून. घाई नको.]

ओझेला भांडी घासता घासता गुणगुणत होती आणि तिचा नवरा व्हर्डेल स्टॉलवर्थ पुढच्या पडवीत खुर्ची टाकून, ऐकायचं नाही असं ठरवून, ऐकत होता.

गाणं जुनंच होतं. 'कुंपणापाशी कोण उभं, दार उघड, माये.' टर्नर्स फेरीच्या काळ्या वस्तीत जन्मलेल्या माणसाला ते कुणी शिकवत नाही, ते त्याला येतच असतं. पण ओझेलाच्या ओठांवर होती ती जुनी चाल नव्हती. चालीच्या खालून, भिंत धरून चालल्यासारखी जाणारी ती दुसरीच वाट होती. बायकांच्या खालच्या आवाजांसाठी, आल्टोंसाठी, मुद्दाम लिहिलेली. लिहिणारा ल्युशियस क्रेनशॉ. शिकागोत लिहिलेली, न्यूयॉर्कला छापलेली, आणि आता अलाबामातल्या या स्वयंपाकघरात, बशा विसळण्याच्या आवाजात.

"ओझेला."

"काय?"

"दुसरं काही येत नाही का तुला?"

"येतं की." पाणी ओतल्याचा आवाज. "पण हे गोड आहे."

तिला सुरांचा कागद वाचता येत नव्हता. माउंट नीबो चर्चच्या गायकवृंदात व्हर्डेल सोडून कुणालाच येत नव्हता. मग ही वाट तिच्या कानात घातली कुणी? त्यानेच. गुरुवारच्या तालमीत, स्वतःच्या गळ्याने, एकेक ओळ.

व्हर्डेलनेही गाणी लिहिली होती. त्यातलं एक चर्चने ईस्टरला गायलंही होतं. पास्टर म्हणाले, छान. लोक म्हणाले, छान. ओझेलाही म्हणाली, छान. भांडी घासताना मात्र ते कधी कुणाच्या ओठांवर आलं नाही.

[मागे जा. दोन टेनर.]

दोघं एकाच कॉलेजात. दोघं टेनर, पुरुषांतल्या वरच्या आवाजाचे. कॉलेजच्या इमारतीला छप्पर हवं होतं म्हणून पोरापोरींचा एक जथा दर उन्हाळ्यात उत्तरेकडे जायचा, श्रीमंत गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत आपल्या आज्यापणज्यांची गाणी गायचा आणि टोपी फिरवून परत यायचा. त्या जथ्यात ल्युशियस आणि व्हर्डेल खांद्याला खांदा लावून उभे असत.

ल्युशियसचा सूर फूटपट्टीने ओढलेला. व्हर्डेलचा तसा नव्हता. लांब सूर धरायचा झाला की त्याचा गळा किंचित खाली उतरायचा आणि परत वर यायचा. त्याला स्वतःला ते कधी ऐकू यायचं नाही. शिकवणारे प्रोफेसर एम्स मात्र काठी आपटायचे.

"स्टॉलवर्थ, सूर उभा धरायचा असतो. तू त्याला खाली बसवतोस आणि परत उठवतोस. म्हातारा आहे का तो?"

सगळे हसायचे. ल्युशियस सगळ्यांत जास्त.

पुढे उत्तरेकडे शिकायला एकाचीच सोय झाली. कुणाची, हे सांगायला नको. व्हर्डेल गावी परतला, वस्तीतल्या शाळेत गणित शिकवू लागला आणि चर्चमधला गायकवृंद त्याच्याकडे आला. ल्युशियसचं नाव मात्र मैफलींच्या पत्रिकांवर येऊ लागलं. मग वर्तमानपत्रांत. आपल्या लोकांच्या वर्तमानपत्रांत आधी, गोऱ्यांच्याही नंतर. जुनं गाणं घ्यायचं आणि चार आवाजांत असं बांधायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे असंच होतं पहिल्यापासून. ते त्याला जमायचं. ते जमायचं हे व्हर्डेलला जितकं नीट कळत होतं तितकं टर्नर्स फेरीत दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं. तीच तर आग होती.

आणखी एक गोष्ट. लहान आहे. ओझेला तेव्हा कॉलेजच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पीचची पाय, फळं भरून भाजलेली जाड गोड पोळी, भट्टीतून निघाली की कडेचा खरपूस तुकडा ती बाजूला काढून ठेवायची. ल्युशियससाठी. व्हर्डेलने ते जाळीच्या दारातून पाहिलं होतं. लग्न तिने व्हर्डेलशी केलं, संसार केला, पोरं वाढवली, त्याच्या शर्टांना खळ घातली. पण तो तुकडा ल्युशियसला गेला होता. तो परत येणार नव्हता.

[सगळे आवाज. कागदावर आहे तसंच. काही घालू नये.]

ऑगस्टातल्या एका रविवारी माउंट नीबोत गावी परतणाऱ्यांचा मेळा असतो. डेट्रॉइटला गेलेले, शिकागोला गेलेले, सगळे नव्या टोप्या घालून गावी येतात. या वर्षी ल्युशियसही येणार, आणि त्याच्यासमोर चर्च त्याचंच गाणं गाणार, असं पास्टरांनी जूनमध्येच जाहीर केलं. मग व्हर्डेलकडे वळून म्हणाले, "ब्रदर स्टॉलवर्थ, तुमचा तर जुना मित्र."

"हो ना," व्हर्डेल म्हणाला.

माउंट नीबोत गाणं गायल्याने गाणं होत नाही. चर्चने ते उचलावं लागतं. वृंद शेवटच्या ओळीला येतो, थांबतो, आणि बाकांवरून कुणीतरी तीच ओळ परत सुरू करतं. बहुतेक वेळा मदर टन्स्टॉल, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, पहिल्या रांगेतल्या, पांढऱ्या हॅटच्या. मग दुसरं कुणी. मग पाय. मग भिंती. गाणं संपूच देत नाहीत. आणि ज्याला उचलत नाहीत, त्याच्यासाठी एक कोरडं 'आमेन' असतं आणि पुठ्ठ्याचे पंखे पुन्हा हलू लागतात. व्हर्डेलच्या ईस्टरच्या गाण्याला ते आमेन मिळालं होतं. त्याच्या कानात ते अजून होतं.

ल्युशियसला ते मिळावं. एवढंच. बाकी सगळी दुनिया त्याची, शिकागो त्याचं, न्यूयॉर्क त्याचं. माउंट नीबो त्याला मिळू नये.

वाईट गाऊन चालणार नव्हतं, बोल व्हर्डेललाच लागला असता. मग एका संध्याकाळी, ओझेला ती आल्टोची वाट गुणगुणत असताना, त्याला सुचलं. चांगलं गायचं. अगदी बिनचूक. कागदावर आहे तेवढंच आणि कागदावर आहे तसंच. कारण माउंट नीबोतलं कुठलंच गाणं कधी कागदावर आहे तसं गायलं गेलं नव्हतं. लोक ते शिकायचे, मग त्यात आपापला मीठमसाला घालायचे, आणि त्या मीठमसाल्यानेच ते बाकांपर्यंत पोचायचं. तो काढून घेतला की राहील ते सुबक प्रेत. आणि कुणी बोट दाखवू शकणार नाही. लिहिणाऱ्याचा मान राखला, असंच म्हणतील.

तालीम.

"ब्रदर स्टॉलवर्थ," हॉबर्ट म्हणाला. हॉबर्ट न्हावी, टेनरांतला खंदा आवाज. "इथे थोडं मीठ टाकू का?"

"नाही."

"चिमूटभर?"

"कागदावर मीठ नाही, हॉबर्ट."

"कागद खायचा थोडाच आहे."

बायका हसल्या. व्हर्डेल हसला नाही. "आणि पाय हलवायचे नाहीत."

"पाय माझे नाहीत हो ते," मागून एक बास, खर्जातल्या आवाजाचा, म्हणाला. "चर्चमध्ये शिरलो की ते चर्चचे."

"मग चर्चला सांगा, गाणं होईपर्यंत जोडे काढून ठेव."

पूर्ण जुलै असा गेला. आल्टोंना त्यांची वाट येत होतीच, आता टेनरांना, मग बासांना. प्रत्येक वाट तो स्वतः गाऊन दाखवायचा, ते उचलायचे. कुणी सूर लाडाने वळवला की हात वर. पुन्हा. कुणी शब्दाआधी हुंकार भरला की हात वर. पुन्हा. गणिताचा तास असावा तसं. हळूहळू गाणं स्वच्छ झालं, थंड झालं, आणि व्हर्डेलच्या मनाजोगं मेलं.

एक जागा सोडून.

तिसऱ्या कडव्यात, 'माये' या शब्दावर, टेनर लांब सूर धरतात आणि खालून आल्टो पायरी पायरी उतरतात. तिथे काहीतरी व्हायचं. टेनरांचा तो सूर जणू क्षणभर गुडघ्यावर यायचा. दर वेळी. व्हर्डेलने विचार केला. सूर सरळच आहे, हे त्याला ठाऊक होतं. मग आल्टो खालून सरकतात म्हणून तो हलल्याचा भास होत असणार. बोट चालायला लागली की किनारा सरकल्यासारखा वाटतो ना, तसं. म्हणजे ही ल्युशियसची करामत. सरळ सूर लिहून तो वाकलेला ऐकवायचा.

त्या जागेवर त्याने दात खाल्ले. काहीही केलं तरी ती मरत नव्हती. आणि ओझेला आता आल्टोची वाट सोडून तीच जागा गुणगुणू लागली होती, चादरी वाळत घालताना, शेंगा सोलताना.

"ती तुझी वाट नाही," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे कुणाची आहे ती," ओझेला म्हणाली.

त्याने पुढे विचारलं नाही.

[आता. आवाज खाली. इथे श्वास घेऊ नये.]

ल्युशियस दुसऱ्या रांगेत बसला होता. केस पांढरे, सूट राखी, कॉलर घामाने ओली. वृंद उभा राहिला. व्हर्डेलने हात उचलला.

पहिलं कडवं. स्वच्छ. दुसरं. स्वच्छ. कुणाचा पाय हलला नाही. कुणी हुंकार भरला नाही. बाकांवर लोक बसले होते ते पाहुण्यांकडे बसतात तसे, पाठ ताठ, हात मांडीवर. व्हर्डेलला पाठीमागची ती शांतता मानेवर कळत होती, आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच भीती वाटली.

तिसरं कडवं. 'माये.'

"हं," मदर टन्स्टॉल म्हणाल्या.

एवढंच. खोल, पोटातून. त्या पांढऱ्या हॅटच्या खालून एकच हुंकार आला आणि व्हर्डेलच्या हातातला ठोका जवळजवळ चुकला. त्याच जागेवर. एवढं करून, महिनाभर घासून पुसून, त्या एका जागेने म्हातारीला गाठलंच. ल्युशियस, तुझं वाटोळं होवो, असं त्याच्या मनात आलं, देवाच्या घरात, हात हवेत असताना.

शेवटची ओळ. थांबले.

कुणी उचलली नाही.

"आमेन," कुणीतरी म्हणालं. पंखे हलले.

[बाहेर. झाडाखाली. सगळे एकदम बोलतात.]

जेवण चर्चच्या आवारात, लांब टेबलांवर. तळलेली कोंबडी, शेंगांचे दाणे, मक्याचा पाव, रताळ्याची पाय. ओझेलाने पीचची आणली होती. व्हर्डेल त्या पीचच्या पायवर नजर ठेवून उभा होता. ल्युशियस ताट घेऊन गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आला, आणि त्याचे डोळे ओले होते.

"व्हर्डी." त्या नावाने आता त्याला कुणीच हाक मारत नसे. "कसं केलंस रे हे?"

"काय केलं?"

"गोरी कॉलेजं माझं गाणं गातात ना, तेव्हा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे शब्द उच्चारतात. त्यांना वाटतं आपण असेच बोलतो. आणि आपली चर्चं गातात तेव्हा माझं लिहिलेलं टिकतं दुसऱ्या ओळीपर्यंत. मग त्यांचं सुरू. मी लिहिलेलं, जसं लिहिलं तसं, मी आज पहिल्यांदा ऐकलं. या वयात. तुला ठाऊक आहे का ते काय असतं?"

व्हर्डेलला ठाऊक नव्हतं. त्याच्या हातातला काटा तसाच राहिला. त्याने जीव ओतून ज्याला मारलं होतं, तो समोर उभा राहून त्याचे आभार मानत होता, आणि त्याच्या हनुवटीला कोंबडीचं तेल लागलं होतं.

"लोकांनी उचललं नाही," व्हर्डेल म्हणाला. तेवढं तरी त्याला टोचावं म्हणून.

"नाही उचललं. हो." ल्युशियसचा चेहरा जरा उतरला, पण जराच. मदर टन्स्टॉल बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या. तो त्यांच्याकडे वाकला. "मदर, तुम्हाला नाही आवडलं?"

"सुंदर झालं, बाळा. माझ्या बहिणीच्या पुढच्या खोलीसारखं. कोचावर चादरी, मेजावर काचेचं हरीण. फक्त बसायचं कुठे ते कळेना." त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "एका जागी बसावंसं वाटलं."

"कुठे?"

म्हाताऱ्या गळ्याने त्यांनी ती जागा म्हणून दाखवली. सूर धरला, खाली बसवला, परत उठवला.

ल्युशियसने खिशातून घडी घातलेली प्रत काढली आणि ताटाशेजारी उलगडली. "हेच तुला विचारणार होतो. बाकी सगळं ठिपक्याठिपक्याला कागदासारखं. पण इथे, हे बघ, मी सरळ लिहिलाय. एकच लांब सूर."

"सरळच गायला," व्हर्डेल म्हणाला. "आल्टो खालून सरकतात म्हणून तसं वाटतं. तुझीच करामत आहे."

"माझी? लेका, मला एवढी अक्कल असती तर. खाली जाऊन वर आला तो. ए, ब्रदर, तू टेनर ना? जरा गा बघू 'माये'."

हॉबर्टने हातातली तंगडी खाली न ठेवताच गायलं. खाली बसला, वर उठला.

"कुणी शिकवलं तुला असं?"

"यांनीच की." हॉबर्टने तंगडीनेच व्हर्डेलकडे खूण केली. "ते गातात तसं आम्ही गातो. आम्हाला कुठे वाचता येतंय? मिठाचं विचारलं तर म्हणाले कागदावर नाही. मग म्हटलं, हे असेल कागदावर."

ल्युशियस व्हर्डेलकडे पाहत राहिला. मग हसू लागला, खांदे हलेपर्यंत.

"एम्स सर," तो म्हणाला. "अरे देवा. तो म्हातारा अजून उठबस करतोय."

व्हर्डेलच्या कानांत गरम वाफ भरली. हॉबर्ट अजून तो सूर चघळत होता आणि व्हर्डेल पहिल्यांदा तो ऐकत होता. स्वतःचा, दुसऱ्याच्या तोंडून. जुलैभर तो ज्याच्यावर दात खात होता तो हा. मदर टन्स्टॉलचा हुंकार ज्याला गेला तो हा. ज्याच्या नावाने त्याने देवाच्या घरात शिवी दिली, तो ल्युशियस नव्हताच. एवढा जळला, तोही स्वतःवरच.

"ऐक," ल्युशियस म्हणाला. त्याचं हसू ओसरलं होतं. "पुढच्या छपाईत मी हे घालतो. ही जागा अशीच हवी, मला दिसलीच नव्हती. तुझं नाव देईन. पानाच्या तळाला. 'हा वळसा व्हर्डेल स्टॉलवर्थ यांचा.'"

"किती मोठं?"

"म्हणजे?"

"अक्षर."

"बारीक असतं ते. तळटिपेचं असतं तेवढं."

पुढच्या टेबलापाशी ओझेला पीचची पाय कापत होती. तिने कडेचा खरपूस तुकडा सुरीने सोडवला, बशीत ठेवला, आणि बशी हातात घेऊन या दोघांकडे पाहिलं. व्हर्डेलने ते पाहिलं. न्यूयॉर्कला छापलेलं, देशभर जाणारं पान. वर ल्युशियसचं नाव, जाड. खाली त्याचं, मुंगीएवढं. कुठल्यातरी ओहायोतल्या पोराने ते वाचायचं, किंवा नाही वाचायचं. हो म्हटलं तर आयुष्यात पहिल्यांदा छापलं गेलं असतं. त्याला ते हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "चूक आहे ती. माझ्याकडून तालमीत राहून गेली. येत्या गुरुवारी सुधारतो."

"व्हर्डी, ती चूक नाही."

"तू लिहिलंस ते सरळ आहे ना? मग सरळच छाप."

"असं का करतोस?"

"कागदावर आहे तसंच राहू दे," व्हर्डेल म्हणाला. "तुलाच आवडलं ना ते."

ल्युशियसने प्रतीची घडी घातली. तेलकट बोटाचा एक डाग त्या लांब सुरावर उमटला होता. तेवढ्यात ओझेला आली, बशी पुढे केली.

"घ्या मिस्टर क्रेनशॉ. पाहुण्यांना आधी."

तुकडा मधला होता, मऊ, रसाचा. खरपूस कडेची दुसरी बशी तिच्या डाव्या हातात होती. ती तिने व्हर्डेलच्या हातात दिली आणि परत फिरली.

[पुन्हा पहिल्यापासून.]

घरी, भांडी. ती जागा.

"सुधारणार आहात म्हणे, मिस्टर स्टॉलवर्थ," ओझेला आतून म्हणाली. रागावली किंवा चेष्टेवर आली की ती त्याला असं म्हणायची, आणि यातलं आत्ता कुठलं, ते पडवीतून कळत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"तू दाढी करताना गातोस, मोजे शोधताना गातोस. मी इतकी वर्षं ऐकतेय. मला ठाऊक नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू विचारलं नाहीस."

गुरुवार आला. पंखे बाकांवर पडलेले, पाहुणे गेलेले, चर्चमध्ये लाकडाचा वास. ल्युशियसची गाडी सोमवारीच गेली होती. वृंद उभा राहिला. व्हर्डेल म्हणाला, "तिसरं कडवं. टेनर."

हॉबर्टने घसा साफ केला. "सरळ करायचंय ना ते? तुम्हीच म्हणत होतात, चूक आहे म्हणून."

"गा आधी."

'माये.' सूर उभा राहिला, खाली बसला, परत उठला. मागे कुणाचातरी पाय जमिनीवर पडला. व्हर्डेलने हात वर केला, सगळे थांबले, आणि हॉबर्ट बोलणी खायच्या तयारीने उभा राहिला.

"पुन्हा," व्हर्डेल म्हणाला.

त्यांनी गायलं.

"पुन्हा."